हातात मावणारा कॉर्डलेस व्हॅक्यूम क्लीनर: कचऱ्यापासून बॅटरीपर्यंत त्याची रचना कशी करतात

दुकानात किंवा ऑनलाइन हे यंत्र बघताना सगळ्यात आधी नजरेत भरतो तो पास्कलचा, म्हणजे ओढीच्या दाबाचा आकडा. आठ हजार, बारा हजार, पंधरा हजार. हा आकडा नोझलचं तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो, म्हणजे यंत्रातून हवा अजिबात वाहत नसतानाचा. आणि हवा वाहत नसेल तर कचऱ्याचा एक कणही उचलला जात नाही. म्हणून ज्याला हे यंत्र बनवायचं आहे, किंवा विकत घेण्याआधी नीट समजून घ्यायचं आहे, त्याने पास्कलपासून सुरुवात करू नये आणि बॅटरीपासूनही करू नये. सुरुवात कचऱ्यापासून करावी आणि तिथून मागे मागे जावं: नोझल, हवेची वाट, फिल्टर, पंखा, मोटर आणि सगळ्यात शेवटी बॅटरी.

या लेखात मी त्याच क्रमाने एक मध्यम कुवतीचं यंत्र कागदावर उभं करतो. इंजिनिअरिंगच्या किंवा डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी हे आकडे थेट वापरता येतील. ज्यांना बनवायचं नाही त्यांना निदान जाहिरातीतल्या कुठल्या आकड्याकडे बघायचं आणि कुठला सोडून द्यायचा हे कळेल. लागतो फक्त कॅल्क्युलेटर.

पायरी १: कचरा ठरवा

घरातला कचरा एका जातीचा नसतो. सोफ्याच्या फटीत शेव, शेंगदाण्याची फोलपटं आणि बिस्किटाचा चुरा असतो. ओट्यावर कणीक आणि रवा, खिडकीच्या सरकत्या चौकटीच्या खाचेत माती, गाडीच्या मॅटमध्ये वाळू, आणि केस तर सगळीकडे. यातली प्रत्येक गोष्ट यंत्राला वेगळ्या ठिकाणी त्रास देते. फोलपटं नोझलच्या वळणावर अडकतात. वाळू फिल्टरमधून निसटली तर पंख्याची पाती घासते. केस ब्रशला गुंडाळले जातात. कणीक सहज उचलली जाते, पण फिल्टर सगळ्यात लवकर तीच बुजवते. दिवाळीच्या साफसफाईत फळ्यांवरची जुनी धूळ आणि रांगोळीची पूड एकदम आली की यंत्राची खरी परीक्षा होते.

काय ओढायचं नाही हेही याच पायरीवर लिहून ठेवा: पाणी, गरम राख, उदबत्तीची धगधगती टोकं, प्रिंटरचा टोनर. ओला कचरा ओढणाऱ्या यंत्रात मोटरची हवा आणि कचऱ्याची हवा वेगळी ठेवावी लागते. ती रचनाच निराळी आहे आणि आपल्या यंत्राला ती झेपणार नाही.

मग चार ओळी ठरवून घ्या. कोरडा कचरा. वजन ८०० ग्रॅमच्या आत. एका चार्जवर १२ ते १५ मिनिटं. डबा ३०० ते ४०० मिलिलिटरचा. पंधरा मिनिटं कमी वाटतील, पण सोफा आणि गाडीच्या पुढच्या सीट एवढ्या वेळात होतात आणि तोवर मनगटही थकतं. अर्धा तास चालणारं पण दीड किलोचं यंत्र कपाटात पडून राहतं. मला विचाराल तर चालण्याच्या वेळेपेक्षा वजनाची मर्यादा जास्त कडक पाळावी.

पायरी २: नोझल, कारण सगळं गणित इथून निघतं

फुंकलेली हवा लांबवर जाते, ओढलेली हवा मात्र सगळ्या बाजूंनी गोळा होते. त्यामुळे नोझलच्या तोंडापासून जरा दूर गेलं की वेग झपाट्याने पडतो. गोल तोंड असेल तर तोंडाच्या व्यासाइतक्या अंतरावर हवेचा वेग तोंडाशी असलेल्या वेगाच्या जेमतेम ७ ते ८ टक्के उरतो. दोन सेंटिमीटर व्यासाचं नोझल दोन सेंटिमीटर वर धरलं की नव्वद टक्क्यांहून जास्त वेग गेला. मोटर दुप्पट ताकदीची घेऊनही हे नुकसान भरून निघत नाही. नोझल कचऱ्याजवळ नेणं हाच उपाय.

पण अगदी चिकटवलं तर कापड तोंडाला बसतं, हवा थांबते आणि पुन्हा तेच, दाब भरपूर पण काम शून्य. म्हणून नोझलच्या ओठाला दोन-तीन मिलिमीटरच्या खाचा ठेवतात, किंवा तोंड तिरकं कापतात. खाचांमधून हवा आडवी, पृष्ठभागाला लागून आत शिरते आणि जाता जाता कचरा घेऊन जाते. दुकानात यंत्र हातात आलं की हा ओठ आधी बघावा. सपाट, गुळगुळीत ओठाचं नोझल सोफ्यावर घोटाळा करणार हे नक्की.

आपल्या यंत्रासाठी ५० मिलिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर उंच तोंड घेऊ. क्षेत्रफळ झालं ४ चौरस सेंटिमीटर. तोंडाशी सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर वेग हवा असं धरू. वाळूचे दाणे, रवा आणि शेवेचा चुरा यांना हा वेग पुरून उरतो. क्षेत्रफळ गुणिले वेग केलं की प्रवाह निघतो: सेकंदाला १० लिटर हवा. पुढचं सगळं गणित या आकड्यावर उभं आहे.

बारीक धुळीची गोष्ट थोडी वेगळी आहे. पृष्ठभागाला अगदी लागून असलेला हवेचा थर जवळजवळ स्थिर असतो, आणि बारीक कण त्या थराच्या आतच लपतात. शिवाय कण जितका बारीक तितकी त्याची चिकटण्याची ताकद त्याच्या वजनाच्या मानाने जास्त. फळीवरची धूळ नुसत्या हवेने पूर्ण निघत नाही, बोट फिरवलं की रेघ उमटतेच, ती याच कारणाने. म्हणून मऊ केसांचा ब्रश नोझलच्या तोंडाभोवती हवाच. तो धूळ सैल करतो आणि हवा ती उचलते. गादीसाठी किंवा पाळीव मांजराच्या केसांसाठी मोटरवर फिरणारा ब्रश उत्तम, पण तो बॅटरी खातो आणि वजन वाढवतो. आपल्या यादीत तो बसत नाही.

खाचाखोचांसाठीचं लांब, निमुळतं तोंड मात्र घ्यावंच. त्याने प्रवाह कमी होतो, पण तोंडाशी वेग वाढतो. खिडकीच्या खाचेतली दबलेली माती त्यानेच निघते.

एक छोटी गोष्ट राहिली. नोझलकडून डब्यात जाणाऱ्या वाटेवर रबराची एक पातळ झडप लागते. यंत्र बंद करून तोंड खाली केलं की तिच्यामुळे गोळा केलेला कचरा पुन्हा सोफ्यावर सांडत नाही. किंमत नगण्य, पण ती विसरलेलं यंत्र वापरणारा दुसऱ्यांदा हातात घेत नाही.

पायरी ३: दाबाचा जमाखर्च मांडा

सेकंदाला १० लिटर हवा ओढायची तर वाटेत कुठे किती दाब खर्च होतो ते लिहून काढा. नोझलमध्ये हवेला वेग देणं आणि पहिलं वळण घेणं यात साधारण ६०० पास्कल जातात. कचरा वेगळा करणारी रचना आणि जाळी यांत हजार. स्वच्छ फिल्टरमध्ये हजार. पंख्यापर्यंतची वाट आणि बाहेर पडायच्या फटी यांत चारशे. बेरीज ३,००० पास्कल. हे अंदाज आहेत. पहिला नमुना बनवल्यावर ते मोजून दुरुस्त करायचेच असतात, पण अंदाजाशिवाय मोटर निवडता येत नाही.

इथे एक नियम भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. वाट अरुंद केली की नुकसान वेगाच्या वर्गाने वाढतं. नळीचा व्यास निम्मा केला तर वेग चौपट आणि दाबाचं नुकसान सोळापट. म्हणून नोझलपासून पंख्यापर्यंत वाटेचं क्षेत्रफळ अचानक लहान-मोठं होऊ देऊ नये, आणि वळणाचा आतला कोपरा गोलसर ठेवावा. थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या प्रोजेक्टमध्ये मुलं बाहेरचा आकार सुंदर करतात आणि आत काटकोनात पायरी ठेवतात. मोटरची निम्मी मेहनत त्या पायरीवर जाते.

आता दाब गुणिले प्रवाह: ३,००० पास्कल गुणिले ०.०१ घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे ३० वॅट. ही हवेला मिळालेली उपयोगी शक्ती. हिलाच एअर वॅट म्हणतात आणि यंत्राची तुलना करायला हाच सगळ्यात प्रामाणिक आकडा आहे.

पंख्याचा स्वभाव ढोबळमानाने सरळ रेषेत मांडता येतो. तोंड पूर्ण बंद असताना दाब सगळ्यात जास्त आणि प्रवाह शून्य, तोंड पूर्ण उघडं असताना प्रवाह सगळ्यात जास्त आणि दाब शून्य. दोन्ही टोकांना गुणाकार शून्य येतो आणि तो सर्वाधिक होतो मध्यावर. आपल्याला मध्यावर ३,००० पास्कल आणि १० लिटर हवेत, म्हणजे बंद तोंडाला ६,००० पास्कल आणि उघड्या तोंडाला २० लिटर देणारा पंखा हवा.

शेजारी दुसरं यंत्र ठेवून बघा: बंद तोंडाला १२,००० पास्कल, पण उघड्या तोंडाला फक्त ६ लिटर. मध्यावर त्याचे ६,००० पास्कल आणि ३ लिटर, म्हणजे १८ वॅट. खोक्यावरचा आकडा दुप्पट आणि काम आपल्या यंत्राच्या साठ टक्के. विक्रेत्याला हवेचा प्रवाह किती ते जरूर विचारा. तो आकडा दिलेला नसेल तर पास्कलच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

पायरी ४: कचरा आणि हवा वेगळी करा

डब्यात हवा कडेने, गोल भिंतीला स्पर्श करत शिरेल अशी वाट ठेवली की ती भोवऱ्यासारखी फिरते आणि जड कण भिंतीकडे फेकले जाऊन खाली बसतात. हाच सायक्लोन. हवा सेकंदाला १५ मीटर वेगाने अडीच सेंटिमीटर त्रिज्येत फिरत असेल तर वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे ९,००० मीटर प्रतिसेकंद वर्ग. गुरुत्वाकर्षणाच्या नऊशेपट जोर कणावर येतो. त्रिज्या लहान केली की जोर वाढतो, म्हणून महागड्या यंत्रांत एका मोठ्या भोवऱ्यानंतर अनेक छोटे शंकू लावलेले दिसतात. ब्रिटिश उद्योजक जेम्स डायसन यांनी ही कल्पना लाकडाच्या गिरणीतल्या सायक्लोनवरून घेतली आणि घरगुती यंत्रात ती बसेपर्यंत ५,१२७ नमुने केले.

आपल्या यंत्रात एकच भोवरा आणि मध्ये बारीक स्टीलची जाळी पुरे. प्रत्येक जादा शंकू दाब खातो आणि आपल्याकडे हजारच पास्कल आहेत. मात्र हवा कडेने आणि तिरकी शिरलीच पाहिजे. कित्येक स्वस्त यंत्रांत डबा गोल असतो, पण हवा सरळ मध्यावर येऊन जाळीवर आदळते. तो डबा दिसायला सायक्लोन, कामाला साधी पिशवी.

पायरी ५: फिल्टर, क्षेत्रफळ वाढवा

१९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहिली आणि रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटला, असं सांगतात. त्यांचं पहिलं यंत्र घोडागाडीवर रस्त्यात उभं राही आणि त्याच्या लांब नळ्या खिडकीतून घरात जात. यंत्र हातात मावण्याइतकं लहान झालं, तरी धुळीला अडवून हवेला सोडणाऱ्या त्या रुमालाचं काम तेच राहिलं.

बारीक धूळ अडवणाऱ्या कागदातून हवा जितकी सावकाश जाईल तितका दाब कमी लागतो, आणि हे नातं जवळपास सरळ आहे: वेग निम्मा, नुकसान निम्मं. आता ६ सेंटिमीटर व्यासाची सपाट चकती घ्या. क्षेत्रफळ २८ चौरस सेंटिमीटर. त्यातून सेकंदाला १० लिटर न्यायचे म्हणजे वेग साडेतीन मीटर. हेपा दर्जाच्या, म्हणजे अतिबारीक कण अडवणाऱ्या कागदाला हे झेपणारच नाही. तोच कागद चुण्या घालून बसवला आणि क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटर केलं, म्हणजे ए४ कागदापेक्षा जरा कमी, की वेग २० सेंटिमीटरवर येतो आणि नुकसान हजार पास्कलच्या घरात. चुण्यांमध्ये किमान दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवा. फार दाट चुण्यांच्या तळाशी कणीक बसते आणि झटकूनही निघत नाही.

चुण्यांच्या फिल्टरच्या आधी धुता येणारा फोम किंवा बारीक जाळी असू द्या. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात धुतलेला फिल्टर एका दिवसात वाळत नाही. दमट फिल्टरवर धूळ चिखलासारखी बसते आणि वासही येतो. म्हणून खोक्यात दुसरा फिल्टर देणं ही चैन समजू नये.

‘हेपा’ या शब्दाबद्दल सावध राहा. अमेरिकी व्याख्येनुसार ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा फिल्टर तो हेपा. पण कागद कितीही चांगला असला आणि कडेचं गास्केट, म्हणजे फट हवाबंद करणारी मऊ पट्टी, सैल असलं तर धूळ कडेनेच निघून जाते. गळतीचं गणित करून बघा. डबा आणि मोटरच्या भागात ५० मिलिमीटर लांबीची, १ मिलिमीटरची फट राहिली आणि तिथे आतला दाब २,००० पास्कलने कमी असला, तर त्या एवढ्याशा फटीतून सेकंदाला पावणेदोन लिटर हवा शिरते. दहापैकी पावणेदोन लिटर नोझलकडून आलेच नाहीत. सिलिकॉनचं गास्केट, आणि डबा लावताना ‘टक’ आवाज करणारी घट्ट खिट्टी, यावर चार पैसे जास्त घालावेत.

पायरी ६: पंखा आणि मोटर

अशा साध्या यंत्राचे स्क्रू काढून दोन भाग वेगळे केले की मधोमध एक जाडजूड डीसी मोटर दिसते. तिच्याभोवती काळी फोमची पट्टी, टोकाला प्लास्टिकचा सपाट पंखा. जुन्या यंत्रात मोटरच्या मागच्या खिडक्यांभोवती करडी पूड साचलेली असते, ती झिजलेल्या कार्बन ब्रशची, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांची. पात्यांच्या मागच्या बाजूला कणकेचा कडक थर बसलेला असतो, तोही एकाच बाजूला जास्त. यंत्र का थरथरत होतं याचं उत्तर त्या थरात असतं. ७० मिलिमीटरच्या पंख्यावर, केंद्रापासून ३ सेंटिमीटरवर, फक्त ०.१ ग्रॅम जास्त वजन असलं तरी मिनिटाला २६ हजार फेऱ्यांवर २२ न्यूटन, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास जोर बेअरिंगवर येतो, आणि त्याची दिशा सेकंदाला चारशेहून जास्त वेळा फिरते. पंख्याचं बॅलन्सिंग आणि त्याच्या आधीचं फिल्टर या दोन गोष्टी मोटरचं आयुष्य ठरवतात.

२६ हजार फेऱ्या कुठून आल्या तेही बघू. असा पंखा किती दाब देईल हे पात्याच्या टोकाच्या वेगाच्या वर्गावर ठरतं. बंद तोंडाला ६,००० पास्कल हवे तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ९५ मीटर लागतो. ७० मिलिमीटर व्यासाचा घेर २२ सेंटिमीटर, म्हणून सेकंदाला ४३० फेऱ्या. पंखा ३५ मिलिमीटरचा घेतला तर तोच वेग गाठायला फेऱ्या दुप्पट, ५२ हजार. यंत्र छोटं आणि हलकं करायचं म्हणजे मोटर जास्त पळवायची, हा व्यवहार टळत नाही.

ब्रशवाली मोटर वीस-तीस हजारांपर्यंत ठीक चालते. त्यापुढे कार्बन लवकर झिजतो आणि ठिणग्या वाढतात. ब्रशलेस मोटरमध्ये कार्बन नाही. आत निओडिमियमचं चुंबक फिरतं आणि सर्किट तारांतला प्रवाह बदलत राहतं. डायसनच्या २००९ मधल्या हातात धरायच्या मॉडेलची मोटर मिनिटाला १,०४,००० फेऱ्या घेई.

माझा कौल असा: प्रोजेक्टसाठी किंवा स्वस्त यंत्रासाठी ७७५ आकाराची ब्रशवाली मोटर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत त्या आकाराच्या मोटर मिळतात, फक्त व्होल्टेज आणि फेऱ्या बघून घ्या. बाजारात विकायचं, पाच वर्षं चालायचं यंत्र असेल तर ब्रशलेसच. मोटर आणि पंखा मिळून ब्रशवाल्या जोडीची कार्यक्षमता ३० टक्के धरली तर ३० वॅट हवेसाठी बॅटरीतून १०० वॅट घ्यावे लागतात. ब्रशलेसला ५० टक्के धरली तर ६० वॅट. बॅटरीचा खर्च वाचतो तो इथे.

आणखी एक फरक वापरणाऱ्याला थेट जाणवतो. ब्रशवाली मोटर बॅटरीला सरळ जोडलेली असते. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टवरून वापरता वापरता १० वर आली की फेऱ्या त्याच प्रमाणात कमी होतात आणि दाब वर्गाने पडतो, म्हणजे शेवटच्या मिनिटांत ओढ ६३ टक्क्यांवर येते. ब्रशलेसचं सर्किट फेऱ्या शेवटपर्यंत सारख्या ठेवू शकतं.

आवाजाचं थोडं. पंख्याला ९ पाती असतील तर सेकंदाला ४३० गुणिले ९, म्हणजे ३,९०० हर्ट्झच्या आसपास शीळ ऐकू येते. आपला कान २,००० ते ५,००० हर्ट्झला सगळ्यात तीक्ष्ण असतो, म्हणून ती नको तितकी टोचते. पात्यांमधलं अंतर थोडं कमीजास्त करणं आणि बाहेर पडणाऱ्या हवेच्या वाटेवर फोम लावणं हे उपाय आहेत. डायसनने आपल्या केस वाळवण्याच्या यंत्रात ११ ऐवजी १३ पाती घेतली आणि मोटरचा एक सूर माणसाच्या कानाच्या पलीकडे ढकलला.

मोटर थंड होते ती तिच्यातून जाणाऱ्या हवेनेच. फिल्टर तुंबला की हवा कमी, पंख्यावरचा भारही कमी, म्हणून फेऱ्या वाढतात आणि आवाज चढा होतो. पुष्कळांना वाटतं यंत्र जोरात ओढतंय. प्रत्यक्षात ते तापत असतं. आवाज चढला की बंद करा आणि फिल्टर बघा. रचनाकाराने मोटरला चिकटून तापमानाचा कटऑफ लावलाच पाहिजे.

पायरी ७: बॅटरी

कॉर्ड तोडता आली ती बॅटरीमुळे. ब्लॅक अँड डेकर कंपनीने अपोलो मोहिमांसाठी चंद्रावरच्या ड्रिलवर काम केलं होतं. थोड्या विजेत जास्त काम करणारी मोटर कशी बनवायची याचा तिथला अनुभव पुढे घरगुती उपकरणांत आला, आणि १९७९ मध्ये त्यांचा डस्टबस्टर बाजारात उतरला. तेव्हा निकेल-कॅडमियम सेल होते. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन सेल बाजारात आणले आणि हळूहळू हे क्षेत्रच बदललं.

आपला हिशेब: १०० वॅट गुणिले पाव तास, म्हणजे २५ वॅट-तास. १८६५० आकाराचा, १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबीचा २,५०० मिलिअँपिअर-तासांचा एक सेल ३.६ व्होल्टला ९ वॅट-तास देतो. असे तीन एकापुढे एक जोडले की सरासरी १०.८ व्होल्ट आणि २७ वॅट-तास. प्रवाह निघतो सव्वानऊ अँपिअर. हा प्रवाह लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून काढलेले साधे सेल सोसू शकत नाहीत, ते तापतात आणि व्होल्टेज कोसळतं. ड्रिल मशीनसाठी असतात तसे जास्त प्रवाहाचे सेलच हवेत. त्यांच्यातही थोडी वीज उष्णतेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात १३ मिनिटांच्या आसपास हाती लागतात.

जोडणी करताना या गोष्टींत तडजोड नको. सेलवर थेट सोल्डरिंग करू नये, शुद्ध निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने लावावी. निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी स्वस्त मिळते, पण तिचा रोध जास्त असल्याने ती तापते. बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट हवंच. ते प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर जाऊ देत नाही, ३ व्होल्टच्या आसपास यंत्र बंद करतं, आणि शॉर्ट झालं तर तोडतं. बटणातून थेट दहा अँपिअर डीसी नेऊ नका. एसीची ठिणगी आपोआप विझते तशी डीसीची विझत नाही, बटणाचे संपर्क जळतात. छोटं बटण आणि मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) ही जोडी टिकते.

विकत घेताना सेलवर आयएस १६०४६ या मानकाची बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी बघा. चार्जिंग टाइप-सीने ५ व्होल्ट, २ अँपिअरने होत असेल तर १० वॅट मिळतात, म्हणजे २७ वॅट-तास भरायला तीन तास लागणारच. ‘झटपट चार्ज’ असं लिहिलं असेल तर चार्जरचे वॅट वाचून स्वतः भागाकार करावा.

लिथियमचा शत्रू उष्णता. बहुतेक सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं उत्पादक सांगतात. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात बाहेरचंच तापमान तिथे पोहोचतं, आणि उन्हात उभ्या गाडीत ते त्याहून खूप वर जातं. गाडीसाठी घेतलेलं यंत्र गाडीतच ठेवायचा मोह होतो, तो टाळावा. वापरल्यावर लगेच चार्जिंगला न लावता वीस-पंचवीस मिनिटं गार होऊ द्या, आणि महिनोन्‌महिने ठेवायचं असेल तर अर्धवट चार्ज करून ठेवा.

पायरी ८: मूठ आणि बॉडी

बॉडीला एबीएस प्लास्टिक, पारदर्शक डब्याला पॉलिकार्बोनेट. मोटर आणि बॅटरी ही दोन वजनं मुठीच्या दोन बाजूंना ठेवा, म्हणजे एक बोट मुठीखाली धरलं तर यंत्र आडवं तोललं जाईल. नाकाकडे जड असलेलं यंत्र खरं वजन कमी असूनही मनगट दुखवतं. बाहेर पडणारी हवा वापरणाऱ्याच्या तोंडावर किंवा समोरच्या कचऱ्यावर येऊ नये. फटींची जागा बाजूला आणि मागे.

पायरी ९: मोजून बघा

दाब मोजायला गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, दोन-अडीच मीटर. फळीवर यू आकारात बांधा आणि निम्म्यापर्यंत पाणी भरा. एक टोक नोझलच्या तोंडाशी खेळण्याच्या क्लेने हवाबंद करा. यंत्र पाच सेकंदच चालवा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात १०.२ सेंटिमीटर फरक म्हणजे १,००० पास्कल. ६,००० ला ६१ सेंटिमीटर. पाणी यंत्रात ओढलं जाऊ नये म्हणून नळीच्या बाजू पुरेशा उंच ठेवा.

प्रवाहासाठी कचऱ्याची मोठी काळी पिशवी फुगवून तिचा घेर आणि लांबी मोजा, घनफळ काढा, तोंड नोझलवर टेपने घट्ट बांधा आणि घड्याळ लावा. ६० लिटरची पिशवी सहा सेकंदांत रिकामी झाली तर १० लिटर जमले. पिशवी नोझलच्या तोंडाला चिकटायला लागली की घड्याळ थांबवा.

मग खरी चाचणी. रवा आणि कणीक मिळून २० ग्रॅम सोफ्याच्या कापडावर पसरा, ठरावीक वेळ आणि ठरावीक फेऱ्यांत ओढा आणि डबा आधी-नंतर वजन करा. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा पुरतो. डबा दहा वेळा भरून रिकामा करा, फिल्टर न धुता प्रवाह पुन्हा मोजा. नव्या यंत्राचा आकडा सगळेच छान देतात. दहा डब्यांनंतर तो निम्म्याच्या खाली गेला असेल तर फिल्टरचं क्षेत्रफळ कमी आहे किंवा भोवरा काम करत नाही. शेवटी अंधाऱ्या खोलीत बाहेरच्या हवेवर टॉर्चचा झोत टाका. झोतात धूळ तरंगताना दिसली तर गास्केट बघा.

पायरी १०: दुरुस्ती आणि शेवट

बॅटरी पॅक स्क्रूने आणि कनेक्टरने बसवा, गोंदाने नको. साधारण ३०० ते ५०० चार्जनंतर सेलची क्षमता जाणवण्याइतकी घटते, तेव्हा मोटर आणि बॉडी बहुधा धडधाकट असतात. पॅक बदलता आला तर यंत्र पुढे चालतं. घेतानाच सुट्टा पॅक, फिल्टर आणि गास्केट मिळतात का ते विचारा.

काढलेले सेल घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबताना सेल चेपला तर आग लागते. टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा केंद्रावर किंवा विक्रेत्याकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, त्यामुळे मागताना संकोच नको.